आकाशाबद्दल घरात काय बोलता? (ठाणे, नवी मुंबई आणि आसपासच्या मंडळींसाठी)

गच्चीवरून (ठाणे पश्चिम)

संकष्टी आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दुपारपासून विचारणा सुरू होते: आज चंद्रोदय कितीला? कुणी कॅलेंडरच्या पानाचा फोटो टाकतं, कुणी "ती पुण्याची वेळ, आपल्याकडे तीन-चार मिनिटं उशिरा" असं सांगतं. आणि त्याच ग्रुपवर, त्याच माणसांकडून, अधूनमधून हा निरोपही येतो: "आज रात्री साडेबारा ते साडेतीन वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाइल उशाशी ठेवू नका." दोन्ही निरोप सारख्याच काळजीने पाठवलेले असतात. पहिला खरा की खोटा हे कुणीही गच्चीत जाऊन बघू शकतं, दुसऱ्याचं तसं काही करता येत नाही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, म्हणून हा धागा.

आपल्या रोजच्या बोलण्यात आकाश ठासून भरलेलं आहे. तिथी म्हणजे आकाशात चंद्र सूर्याच्या किती पुढे गेला त्याचं माप, दर १२ अंशांना एक. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून पौर्णिमेनंतरच्या चतुर्थीला तो नऊच्या आगेमागे येतो. साडेसातीचं नाव काढलं की लोक घाबरतात, पण तो आकडा आला कुठून? शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशींत वाटलं की एका राशीला साधारण अडीच, तीन राशींना साडेसात. कुणाची नोकरी जाण्याशी शनीचा काडीचा संबंध नाही, हे माझं स्पष्ट मत. पण साडेसाती हा शब्द ज्यांनी घडवला त्यांनी शनी वर्षानुवर्षं बघितला होता, हेही तितकंच खरं.

दुसरीकडे शाळेतलं बोलणं. प्रकाशवर्ष, दीर्घिका, महास्फोट. परीक्षेपुरतं पाठ केलेलं, जेवणाच्या ताटावर कधी न येणारं. एकाच घरात आकाशाच्या या दोन भाषा एकमेकींशी न बोलता नांदतात. मधल्या जागेत मग दोन प्रकारची माणसं उभी राहतात. एक आजीच्या तिथीला हसतात, दुसरे "हे सगळं आपल्याकडे आधीच होतं" म्हणून विषय मिटवतात. दोघांमुळेही मुलं वर बघायची थांबतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर सांगा, तुमच्या घरी, गावी, कामाच्या ठिकाणी आकाशाबद्दल काय बोलतात? आणि त्यातलं काय तुम्ही स्वतः पडताळलंत?


उधाण (चेंदणी)

छान धागा. आमच्याकडे घड्याळापेक्षा तिथी जवळची. आमचे वडील खाडीत जाळं टाकायचे तेव्हापासून पाठ असलेला हिशेब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बारा. पाऊणपट का, तर भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते म्हणून. तुमचा चंद्र पन्नास मिनिटांनी सरकतो तेच हे. पाच मिनिटांचा फरक पंधरवड्यात तासाभरावर जातो, पण दर अमावास्येला आणि पौर्णिमेला मोजणी परत एकपासून सुरू होते, त्यामुळे काम भागतं. हा हिशेब समुद्राकाठचा, खाडीत आत ठाण्यापर्यंत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो, तो ज्याचा त्याने धरायचा.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. पावसाळ्यात बातम्यांत "आज साडेचार मीटरची भरती" सांगतात ना, तेव्हा कॅलेंडर उघडून बघा, तिथी अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या जवळचीच निघेल. ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते तीही भरतीच्या वेळा बघूनच.

विज्ञान शिकलेल्या पोरांना हे सांगितलं की ती म्हणतात, सूर्य आणि चंद्र एका रेषेत आले की ओढ वाढते. बरोबर आहे. आम्हाला ओढ माहीत नव्हती, पाणी माहीत होतं.


कळवा_पूर्व

उधाण, हे पाऊणपटीचं वाचनखूण साठवून ठेवलं.

माझा प्रश्न चंद्रोदयाचाच. कॅलेंडरात ९:०५ लिहिलेलं असतं आणि आमच्या खिडकीतून चंद्र दिसायला पावणेदहा वाजतात. सासूबाई उपाशी बसलेल्या. कॅलेंडर चुकतं का?


गच्चीवरून (ठाणे पश्चिम)

कॅलेंडर बरोबर आहे, मध्ये पारसिकचा डोंगर आहे. छापलेली वेळ सपाट क्षितिजासाठी असते. हात पूर्ण लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे सुमारे १० अंश. तुमच्या खिडकीतून डोंगराचा माथा क्षितिजापासून एक मूठ वर दिसत असेल, तर चंद्राला तेवढं चढायला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतातच. तुमचा फरक त्यात चपखल बसतो. उपास वेळेवर सोडायचा की दर्शनानंतर, ते सासूबाईंनी ठरवावं.

आमच्याकडे उलटं आहे. येऊरचे डोंगर पश्चिमेला, त्यामुळे सूर्य लवकर जातो आणि द्वितीयेची कोर बहुतेक वेळा हुकते.


मध्यान्ह (ऐरोली)

शाळेत शिकवते. मुलांच्या तोंडी बसलेलं एक वाक्य: "बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर असतो." मोठेही तेच बोलतात. आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस, १५-१६ मेच्या सुमारास आणि परत २७-२८ जुलैच्या सुमारास. आणि तोही बारा वाजता नाही, मे महिन्यात साडेबाराच्या चार-पाच मिनिटं पुढे. कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं, आपण राहतो सुमारे ७३ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, साडेनऊ अंशांची अडतीस. त्यातून मेमध्ये सूर्य तीन-चार मिनिटं लवकर येतो तेवढी वजा.

शून्य सावलीचा दिवस बघायला काहीही लागत नाही. मी प्लंबरकडून पाइपाचा हातभर तुकडा घेते आणि बिल्डिंगच्या आवारात ओळंब्याने सरळ उभा धरते. सव्वाबाराला पाइपाच्या आतल्या भिंतीवर उजेडाची चंद्रकोर असते. ती खाली खाली सरकते, आणि मग काही क्षण तळाशी पूर्ण गोल उजेड पडतो, पाइपाची बाहेरची सावली नाहीशी होते. वॉचमनकाका सुद्धा खुर्ची सोडून येतात. जुलैच्या तारखेला ढगांमुळे बहुतेक वेळा काही मिळत नाही, म्हणून मे चुकवायचा नाही. तेव्हा शाळेला सुट्टी असते, ही पंचाईत दरवर्षीची.


सानपाडा_मूळ_गाव_सातारा

आमच्याकडे आकाश म्हणजे पाऊस. मृग लागला, आर्द्रा लागल्या, मग पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. पंचांगात प्रत्येक नक्षत्राचं वाहन असतं, बेडूक, म्हैस, हत्ती, कोल्हा, आणि वाहनावरून पाऊस किती ते सांगतात. "पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती" हे तर लहानपणापासून ऐकलेलं.

मुंबईला आल्यावर एका आकाशदर्शनाला वांगणीला गेलो तेव्हा उलगडा झाला, की मृग "लागतो" म्हणजे सूर्य मृगात जातो. जून महिन्यात रात्री मृग शोधाल तर सापडणारच नाही, तो सूर्याबरोबर दिवसा आकाशात असतो. रात्रीचा मृग बघायचा तर डिसेंबर-जानेवारीत. सूर्याला एक नक्षत्र ओलांडायला तेरा-चौदा दिवस लागतात, म्हणून पावसाची नक्षत्रंही तेवढ्याच अंतराने बदलतात. शेतकऱ्याला पेरणीसाठी सूर्यावर चालणारं कॅलेंडर हवं होतं, कारण चांद्रमास अधिक महिन्यामुळे मागेपुढे होतात. ते नक्षत्रांनी दिलं. वाहनावर माझा विश्वास नाही. पण ७-८ जूनला मृग, हे आजही आमच्या गावात हवामान खात्याच्या बातमीइतकंच लक्ष देऊन बोललं जातं.


अंशकला (वाशी)

सानपाडाकरांच्या मुद्द्याला जोडून. हे सूर्याचं नक्षत्र-कॅलेंडरही ऋतूंच्या मानाने हळूहळू सरकतं, साधारण ७२ वर्षांत एक दिवस. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो म्हणून. मकर संक्रांत हल्ली १४ किंवा १५ जानेवारीला येते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३.

आता आपल्या जिव्हाळ्याचं. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला, आणि "पानिपतावर संक्रांत कोसळली" हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असंच बहुतेकांना वाटतं. हिशेब करून बघा. त्या वर्षी संक्रांत १० जानेवारीच्या आसपास होती, लढाईच्या तीन-चार दिवस आधी होऊन गेली. आजची तारीख मागे लावली की असं होतं. "संक्रांत कोसळणे" हा वाक्प्रचार आपला आहे, तो राहूच दे. पण इतिहास सांगताना तारीख आकाशाला विचारावी, ती तिथे बिनचूक मिळते.


जुना_नौपाडा

१६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण आठवतंय का कुणाला? खग्रास पट्टा कारवार-हुबळी-रायचूरवरून गेला, आपल्याकडे खंडग्रास. दुपारी नौपाड्यात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खिडक्यांना चादरी, पाण्यात तुळशीपत्रं, गरोदर बायकांना अंथरुणावर न हलता पडून राहायची सक्ती. आणि शास्त्रज्ञ मात्र देशोदेशींहून ते बघायला आलेले. आम्ही घरात दारं लावून बसलो होतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये विसर्जनाच्या दुसऱ्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, ७ तारखेला. अकरानंतर आमच्या गच्चीत पोरं, त्यांचे आईबाप, एक गरोदर सूनबाई खुर्ची टाकून. ढगांच्या फटीतून तांबूस चंद्र अधूनमधून दिसत होता. नातीने विचारलं, राहू कुठाय, दाखवा. तिला सांगितलं ते इथेही लिहितो. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला दोन ठिकाणी छेदते, ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. तिथे दिसण्यासारखं काही नाही. पण अमावास्या किंवा पौर्णिमा त्या बिंदूंच्या जवळ आली तरच ग्रहण होतं, नाहीतर चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. हे बिंदू १८.६ वर्षांत एक फेरी करतात. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये ग्रहण म्हणजे सावल्या हे लिहून ठेवलंय. १९८० मध्ये आम्हाला हे कुणी सांगितलं असतं तर आम्ही खिडकी उघडली असती.

२ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे, आपल्याकडे खंडग्रास. पावसाळा आहे, पण ग्रहण बघायचे चष्मे आणून ठेवा.


कल्पतरू (डोंबिवली)

ठाणे जिल्ह्यातलाच आहे म्हणून लिहितो. कुठल्याही पूजेला गुरुजी संकल्प सांगतात: श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, कलियुगे, मग जंबुद्वीपे, भरतवर्षे, गोदावर्याः दक्षिणे तीरे. पाटावर बसलेला माणूस काळात आणि जागेत नेमका कुठे आहे, हे आधी सांगायचं आणि मग पाणी सोडायचं. कोट्यवधी वर्षांपासून सुरू करून नदीच्या काठापर्यंत. इतकी भव्य कल्पना मला दुसरीकडे दिसली नाही. आणि एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीचं वय विज्ञान सांगतं सुमारे ४५४ कोटी. हे जुळणं योगायोग कसं म्हणणार?


अंशकला (वाशी)

कल्पतरू, संकल्पाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला, मनापासून सांगते. पण आकड्यांचं जुळणं मला मान्य नाही. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा पूर्ण दिवस, आणि त्याच गणनेप्रमाणे आजच्या कल्पातली सुमारे १९७ कोटी वर्षंच उलटली आहेत. आपण अजून कल्पाच्या मध्यावरही आलो नाही. म्हणजे पृथ्वीच्या वयाशी ताडायचं असेल तर १९७ कोटी हा आकडा घ्यायला हवा, आणि तो निम्म्याहूनही कमी आहे. ४३२ मध्ये अजून न आलेली वर्षंही धरलेली आहेत.

४५४ कोटी आले उल्कापाषाण आणि खडक यांच्यातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या मोजणीवरून. युरेनियमचं शिसं किती झालं, ते मोजून. संकल्पातला आकडा गणिती परंपरेतून आला. दोन्ही वाटा वेगळ्या. ज्यांनी इतक्या मोठ्या काळाचा विचार करायचं धाडस केलं त्यांचा मला अभिमान वाटतो. त्या अभिमानाला विज्ञानाच्या शिक्क्याची गरज नाही.


कल्पतरू (डोंबिवली)

१९७ कोटींचा आकडा पंचांगात "गताब्द" म्हणून बघितला होता, हे ताडून पाहायचं सुचलं नव्हतं. विचार करतो. संकल्पाबद्दलचं माझं मत कायम.


खांदा_कॉलनी

त्या वैश्विक किरणांच्या निरोपाचं बोलू या का? मला त्याचा फार राग येतो. वैश्विक किरण म्हणजे अवकाशातून सतत येणारे वेगवान कण, ते साडेबाराला सुरू होऊन साडेतीनला थांबत नाहीत. वातावरणात वर ते आदळतात, त्यातून म्युऑन नावाचे कण तयार होतात, आणि समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरवर मिनिटाला साधारण एक पडतो. हे वाचता वाचता तुमच्या तळहातातून सेकंदाला एखाद-दुसरा गेला. होमी भाभा जगभर नावाजले गेले ते याच किरणांच्या वर्षावाच्या सिद्धांतामुळे, १९३७ मध्ये. आपल्या माणसाचं मोठं काम ज्या विषयात, त्या विषयाची भीती पसरवतो आपण.

आणि सूर्याची वादळं खरी असतात, त्यांचं काम आमच्या शेजारी चालतं. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिचं मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत. सप्टेंबर १८५९ मध्ये इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं सौर वादळ आलं तेव्हा कुलाब्याला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) खाली आलेलं नोंदवलं गेलं. जगभरातले अभ्यासक त्या वादळाचा जोर ठरवताना आजही ही नोंद काढतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभी केली. मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हानलेहून आकाशात लाल उजेड टिपला गेला. मोबाइल कुणाचाही बंद पडला नाही. रात्री येता-जाता पनवेलच्या त्या संस्थेवरून हजारो लोक जातात, आत काय चालतं हे विचारणारे किती?


खारघर_आई

आठवीतला मुलगा विचारतोय, महास्फोट कुठे झाला? कुठल्या दिशेला बघायचं? मी "खूप लांब" म्हणून सांगितलं आणि त्याला ते पटलेलं नाही. कुणी सोपं करून सांगेल का?


अंशकला (वाशी)

त्याला पटलं नाही हे उत्तम. स्फोट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फटाका येतो, एका जागी फुटून बाहेर उडणारा. तसं झालेलं नाही. हे नाव दिलं फ्रेड हॉइल यांनी, १९४९ मध्ये रेडिओवर बोलताना, आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला ही कल्पना मान्य नव्हती. आपले जयंत नारळीकर त्यांचेच विद्यार्थी आणि सहकारी, तेही शेवटपर्यंत या सिद्धांताला प्रश्न विचारत राहिले. मुलाला हेही सांगा, की प्रश्न विचारणारा माणूस पुण्याच्या आयुकासारखी खगोलसंशोधनाची संस्था उभी करतो.

आता घरी करायचं. शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक घ्या, हातभर. त्यावर पेनाने दोन-दोन सेंटीमीटरवर सहा-सात खुणा करा. दोन्ही टोकं धरून दुप्पट ताणा. कुठल्याही एका खुणेवर बोट ठेवून त्याला विचारा, शेजारची खूण किती सरकली? दोन सेंटीमीटर. त्यापलीकडची? चार. त्यापलीकडची सहा. म्हणजे जितकी लांब, तितकी वेगाने दूर. आता बोट दुसऱ्या खुणेवर ठेवा आणि परत मोजा. तेच उत्तर. प्रत्येक खुणेला वाटणार की मीच मधोमध आहे. महास्फोट कुठे झाला याचं उत्तर इलॅस्टिकवर कुठे बोट ठेवणार, यासारखं आहे: सगळीकडे. खारघरलाही.

दिशेबद्दल: त्या आरंभानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी जो प्रकाश मोकळा झाला, तो आज सगळ्या दिशांनी येतो, थंड होऊन, परम शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या कमी तापमानाच्या, जेमतेम २.७ अंश वर. १९६५ मध्ये तो सापडल्याचं जाहीर झालं. त्यामुळे मुलाने कुठेही बघितलं तरी चालेल.


खारघर_आई

केलं. पहिल्यांदा मीच मोजलं, मग त्याने. आता त्याचा पुढचा प्रश्न: प्रकाश जुना असतो म्हणजे नेमकं काय?


गच्चीवरून (ठाणे पश्चिम)

हे मी गच्चीत नेहमी करतो, तुम्हीही करा. ठाण्याच्या उजेडातही ठळक तारे दिसतात, तेवढे पुरतात. प्रत्येकाला त्याच्या वयाचा तारा दाखवायचा. व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षं लागतात, श्रवणाचा सुमारे १७, अभिजितचा २५, स्वातीचा ३७, रोहिणीचा साधारण ६५, मघेचा ७९. तुम्ही सदतिशीच्या असाल तर स्वातीकडे बघा, आज डोळ्यात शिरणारा तिचा प्रकाश तुमच्या जन्माच्या वर्षी निघालेला आहे. आठवीतल्या मुलासाठी अगदी नेमका तारा यात नाही, श्रवण तीन-चार वर्षांनी त्याचा होईल. तोवर व्याध दाखवा आणि विचारा, हा प्रकाश निघाला तेव्हा तू कुठल्या वर्गात होतास?

व्याध जानेवारी-फेब्रुवारीत रात्री नऊला दक्षिणेकडे उंच असतो, मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे त्याच्याच दिशेला बोट दाखवतात. स्वातीसाठी मे महिना, सप्तर्षींची शेपटी वळत जाते तिकडे नजर नेली की पहिला ठळक नारिंगी तारा तोच.


खारघर_आई

मी एकेचाळीसची, मग मला स्वातीच जवळची. मेमध्ये पाइप आणि स्वाती, दोन्ही एकाच दिवशी होतील ना?


मध्यान्ह (ऐरोली)

होतील. १५ मेला दुपारी सव्वाबारापासून पाइप, रात्री नऊला स्वाती. तुकडा माझ्याकडे जादाचा आहे, ऐरोलीला आलात तर देते.